मधल्या ओळीचा आकडा

लग्नाआधी माझ्या नवऱ्याने हातात धरलेली एकमेव बंदूक म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची. ऑस्ट्रेलियात डार्विनला आल्यावर त्याच्या गॅस कंपनीतल्या कुणीतरी त्याला रायफल क्लबात नेलं आणि गडी तिथेच रमला. कागदी चकत्यांना भोकं पाडायची, एवढंच. घरात झुरळ दिसलं तर मलाच हाक मारतो. लायसन्स झालं, भिंतीला ठोकलेली लोखंडी तिजोरी झाली, आणि मग एक दिवस म्हणाला, "आता काडतुसं मी घरीच भरणार. विकतच्यांनी नेम एकसारखा लागत नाही."

मी आधी भांडले, आणि मग बसून नीट पाहिलं. काम बरंचसं माझ्यासारखंच होतं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. त्याच्याकडे एक जाडजूड छापील पुस्तक होतं, पानोपान तक्ते. अमुक रायफल, अमुक वजनाची गोळी, तर बंदुकीची दारू कमीत कमी एवढी, जास्तीत जास्त एवढी. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर मोजून तिच्यात ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. दारू जास्त झाली तर रायफल फुटू शकते, आणि नेम धरताना गाल रायफलीला टेकलेला असतो. हे त्यानेच मला सांगितलं, चहात बिस्किट बुडवत.

म्हणून मी अट घातली. आमच्या फार्मसीत जहाल औषधाचा डोस कुणी एकट्याने काढत नाही. दुसरा माणूस तपासतो आणि सही करतो. घरीही तसंच करायचं.

"नवरा आहे मी, पेशंट नाही," तो म्हणाला.

"पेशंट व्हायला नको म्हणूनच," मी म्हणाले.

तेव्हापासून तो दारू मोजायचा, मी काट्यावरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचे, "बरोबर" म्हणायचे आणि वहीत सही करायचे. मैत्रिणींना हे सांगताना मला भारी कौतुक वाटायचं स्वतःचं.

त्या रविवारी क्लबाची स्पर्धा होती. तिच्यासाठी त्याने वेगळ्या वजनाची गोळी आणली होती, आधी कधी न वापरलेली. शनिवारी दुपारभर एसीखाली बसून आम्ही पन्नास काडतुसं भरली. पन्नास वेळा मी काटा बघितला, पन्नास वेळा पुस्तक बघितलं. शेवटी सही ठोकली.

रविवारी तो साडेसातलाच गेला. मी नऊच्या सुमारास चहा घेऊन बसले, तर पुस्तक टेबलावरच पडलेलं. उगीच चाळायला घेतलं. त्यातली एक गोष्ट मला नेहमी उलटी वाटायची. आमच्याकडे मूल जितकं वजनदार, तितका डोस जास्त. इथे गोळी जितकी जड, तितकी दारू कमी. त्याने मला हे तीनदा समजावलं होतं. म्हणून मी गंमत म्हणून तक्त्यांवरून बोट फिरवत होते. आधीच्या पानावर गोळी जड होत गेली तशी दारू कमी होत गेलेली. पुढच्या पानावरही तसंच. आमच्या पानावर मात्र मधल्याच ओळीत आकडा एकदम वर उडाला होता. त्या ओळीतली कमीत कमी दारू तिच्या वरच्या, हलक्या गोळीच्या जास्तीत जास्त दारूपेक्षाही जास्त होती. शेजारच्या तक्त्यात, दुसऱ्याच जातीच्या दारूखाली, हीच ओळ जशीच्या तशी होती. छापताना कुणीतरी तिथली ओळ उचलून इथे लावली होती.

आणि आम्ही मधल्याच ओळीचं भरलं होतं.

फोन लावला, तर बंद. नेमबाजीच्या रेंजवर तो फोन बंद करून गाडीत ठेवतो. मी पुस्तक काखेत मारलं आणि अंगावरच्या गाऊनवर गाडी काढली. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी किती लागली ते मला आठवत नाही. एका वळणावर मी देवाला मोठ्याने दम दिला होता, एवढं आठवतं. त्याचे डोळे, त्याची बोटं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रेंजवर पोचले तेव्हा तो मागे पत्र्याखाली बाकावर बसून दुसऱ्या कुणाचा तरी स्कोअर लिहीत होता. धडधाकट. मला तिथेच फतकल मारून रडावंसं वाटलं, पण मी ओरडले.

"अरे, हात लावू नकोस त्या काडतुसांच्या डब्याला!"

सगळा क्लब वळून बघायला लागला.

"अगं, काय झालं? आणि गाऊनमध्ये आलीस?"

मी पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. तो ओळ बघत राहिला. मग म्हणाला, "पण हे छापलेलं आहे."

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आम्ही दोघंही गाइडं घोकून पास झालेली मुलं. पेपरात मार्क कापले की सरांकडे जाऊन "पुस्तकात असंच दिलंय" म्हणायचो आणि सर मुकाट्याने मार्क द्यायचे. पुस्तक चुकेल हे आमच्या डोक्यात येतच नाही.

त्याला ज्यांनी हे सगळं शिकवलं ते क्लबातले गोरे आजोबा, आर्मीतून रिटायर झालेले, तिथेच होते. त्यांनी आपल्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, दारूच्या कंपनीची पुस्तिका आणली, चष्मा चढवला आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली.

"शी इज राइट, मेट," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, हे तपासलं कोणी?

"मीच," मी म्हणाले. "फिफ्टी टाइम्स."

ते हसले नाहीत. तू काटा तपासलास, म्हणाले, पुस्तक कोणी तपासलं? ते स्वतः म्हणे दोन पुस्तकं बघितल्याशिवाय चमचाभर दारू ओतत नाहीत. हॉस्पिटलात मी नव्या पोरींना हेच शिकवते की दुसऱ्याने केलेला हिशेब नुसता वाचून मान डोलवायची नाही, आपण नव्याने करायचा. माझे कान लाल झाले.

दुपारी घरी त्याने एकेक काडतूस हातोडीसारख्या हत्यारात घालून ठोकून उघडलं. मी मोजत होते. पुस्तकवाल्यांच्या वेबसाइटवर ही दुरुस्ती कधीच लावलेली होती, तीही मी शोधून काढली. आता मला कंठ फुटला होता. मी नसते तर तुझं काय झालं असतं, जन्मभर भांडी घासलीस तरी फिटणार नाही, असं बरंच काही मी बोलून घेतलं. तो चक्क ऐकून घेत होता. इतका हलका जीव मला कितीतरी दिवसांत वाटला नव्हता.

शेवटचं उघडून झालं.

"एकोणपन्नास," मी म्हणाले. "एक कमी आहे."

खिशातून त्याने एक रिकामी पुंगळी काढून टेबलावर ठेवली. तिची मागची टोपी दाबाने चपटी झाली होती, कडेला काळं पडलं होतं.

"सरावाची म्हणून एक मारली होती," तो म्हणाला. "दणका जरा मोठा बसला. मग पुंगळी काढायला रायफलीचा मागचा बोल्ट उघडेना, ठोकून उघडावा लागला. मला वाटलं उकाड्याने असेल. म्हटलं, रायफल निवेपर्यंत स्कोअर लिहू."

"किती वाजता?"

"साडेआठला."

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळे, गाल, कान, सगळं चाचपून बघितलं. सगळा दिवस मी त्याला वाचवल्याच्या तोऱ्यात होते. तो साडेआठलाच वाचला होता, आणि तेव्हा मी अजून अंथरुणातच होते.