सरासरी खाली आणण्याची माझी योजना

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी गणिताच्या पेपरात मी येत असलेले तीन प्रश्न मुद्दाम सोडले. तब्येत ठणठणीत होती, पेपर सोपा होता, वेळही भरपूर होता.

हा विषय माझा आधी एकदा उडालेला. पुन्हा उडाला तर वर्ष जाणार, आणि मग ते बाबांना सांगावं लागणार. बाबा एसटीच्या खोपट डेपोला कंडक्टर. दिवसभर गाडीत ओरडून घरी आले की फार बोलत नसत, आणि रागावले की अजिबातच बोलत नसत. त्या गप्प बसण्याला मी लहानपणापासून टरकून होतो.

त्याच वर्षी कॉलेजने नवी पद्धत आणली. पास व्हायला ठरावीक मार्क नाहीत. वर्गाची सरासरी काढायची आणि तिच्यापेक्षा कोण किती वर, किती खाली, त्यावर ग्रेड. फारच खाली गेला तो नापास. हे ऐकून बाकीचे अभ्यासाला लागले. मी म्हटलं, सरासरीच खाली आणली तर?

डेपोजवळच्या वडापावच्या गाडीवर मी वर्ग गोळा केला. "प्रत्येकाने तीन प्रश्न सोडायचे. सगळेच खाली, म्हणजे कुणीच खाली नाही!" पोरं खूश. वर्गात पहिली येणारी डोंबिवलीची मुलगीसुद्धा म्हणाली, "भारी आहे रे." हातावर हात ठेवून शपथा झाल्या.

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. मागून आवाज आला, "सर, पुरवणी."

डोंबिवलीचीच! म्हटलं, अक्षर मोठं असेल तिचं. मग खिडकीकडून, "सर, पुरवणी." मग दाराकडून. मान वर करायची हिंमत होईना. घामाने तळहात उत्तरपत्रिकेला चिकटलेला. तरी मी लिहिलं नाही. एखाद्याने तरी शब्द पाळला असेल, त्याला मीच कसा फसवू? अखेर धीर सुटला आणि हात वर केला, तर सर पुरवण्या बांधायचे दोरे वाटत होते. त्यांनी माझ्याही हातात एक ठेवला. मला बांधायला काहीच नव्हतं.

पुढे निकाल लागेपर्यंत मोबाईल वाजला की मी तो उशीखाली ढकलायचो. ड्युटीला निघताना बाबा विचारायचे, "लागला का रे?" मी "नाही" म्हणून बाथरूममध्ये घुसायचो.

मला चव्वेचाळीस पडले. आदल्या वर्षी चाळीसला पोरं पास झालेली. यंदा बहुतेक सगळे सत्तरच्या पुढे, त्यामुळे सरासरी वर चढलेली आणि मी तळाला, नापास.

कॉलेजच्या गेटवर डोंबिवलीची भेटली.

"शपथ घेतलेलीस ना?"

"घेतलेली. पण मग वाटलं, बाकीचे सोडणारच आहेत, आपण लिहिलं तर किती वर जाऊ!"

"आणि बाकीच्यांनी का लिहिलं?"

"त्यांनाही तेच वाटलं. तुला नाही वाटलं?"

"आता बाबांना काय सांगू गं?"

"खरं ते सांग," ती म्हणाली. "सरासरी खाली आणायची होती, ती एकट्याने जमेल तेवढी आणली."