नखं बघणाऱ्या बाई

बाई घरात आल्या की आधी समोरच्या बाईचा हात हातात घेत, तोंड नंतर बघत. नख दाबून सोडत, त्यात रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहत, आणि मग विचारत, "काल काय खाल्लंस?" थेरगावात सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, या हात बघून भविष्य सांगतात. एकीने तर मुलगा होईल का म्हणून हात पुढे केला होता. बाई म्हणाल्या, "ते मला कळत नाही. तुझ्या अंगात रक्त नाही, एवढं कळतं." त्या नदीपलीकडे चिंचवडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या कोकणातल्या. दर गुरुवारी आमच्या गावात पायी फिरत. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. नखंवाल्या बाई, एवढंच.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि दोनदा रिकामी झाले होते. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं दिवस भरून आलं, पण रडलंच नाही. त्यानंतर मला उंबऱ्याबाहेर जायची बंदी झाली. विहीर परसातच होती, त्यामुळे पाण्याचंही निमित्त उरलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते मी खायचं, आणि दिवस गेले की त्यातलंही कमी करायचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या म्हणायच्या, "पोट भरून खाल्लं की प्वार मोठं हुतं, मग सुटका हुईना." यात दुष्टपणा नव्हता. त्यांना त्यांच्या सासूने हेच सांगितलं होतं. मामंजींनी मात्र एकदा माझ्यादेखत सांगून टाकलं, "पुनावळ्याला एक पोरगी हाय. पुढच्या साली बघू." हे पिंपरीच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. बापासमोर यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

बाईंना आमच्या घरात प्रवेश नव्हता. आत्याबाई दारातच सांगत, "आमच्यात दवाखान्याचं कायबी न्हाई." बाई म्हणत, "नसू दे. पाणी तरी द्याल?" आणि ओट्यावर बसून सावकाश पाणी पीत. बोलत आत्याबाईंशी, पण आवाज दाराआड उभ्या असलेल्या मला ऐकू येईल असा लावत. "तुमच्या सुनेला म्हणावं, पालेभाजी लोखंडी कढईत कर. रोज मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खा. आणि वर्षभर दिवस राहू देऊ नकोस. बाळ नंतर, आधी तू." मी सगळं ऐकायचे. पण शेंगांच्या कोठीची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला होती, आणि दिवस राहू न देणं माझ्या हातात कुठे होतं? बाई येऊन गेल्या की घर जास्तच आवळल्यासारखं वाटे. काय केलं तर आपण वाचू हे कळायचं, आणि त्यातलं काहीच करता यायचं नाही.

असे तीन-चार महिने गेले. एका गुरुवारी पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी आवाज एकदम खाली आणला. "किती वर्षं झाली हो?"

"कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"अंग बाहेर येतंय त्याला. तुम्ही कधी मांडी घालून बसत नाही. खांबाला टेकून उभ्या असता."

आत्याबाईंनी रिकामा तांब्या उचलल्याचा आवाज आला. मग आत्याबाई म्हणाल्या, "धाकटीच्या वक्ताला झालं. सतरा वरसं झाली."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? मालकास्नी?"

त्या दिवशी बाई पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आत्याबाईंना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे खाली उतरलेल्या पिशवीला आतून आधाराला रबराची कडी बसवली. मामंजींना काय सांगितलं ते दोघींनाच ठाऊक. परतल्यावर आत्याबाई चुलीपुढे मांडी घालून जेवायला बसल्या, आणि मी पाहतच राहिले. जेवण झाल्यावर त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवली. "शेंगा घेत जा," म्हणाल्या.

यांना बाईंनी गाठलं ते पिंपरीहून कारखान्याची पाळी सुटून येताना, रस्त्यात. काय बोलल्या कोण जाणे. पण त्या दिवसापासून हे अंथरूण घेऊन पडवीत झोपू लागले, ते वर्षभर. मग दिवस राहिले तेव्हा आत्याबाई स्वतः मला नदी ओलांडून दवाखान्यात नेऊ लागल्या. तिथे वजन करत, गोळ्या देत, पावडरीचं दूध समोर बसवून प्यायला लावत. बाई दवाखान्यामागच्या एका खोलीत एकट्या राहत. सुट्टीला गावी जात नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथे कोण आहे माझं? आणि इथे नुसती फिरायला निघाले तरी लोक विचारतात, कुणाकडे चालल्या. तू घरात अडकलीस, मी दवाखान्यात. माझ्या दारावर पाटी आहे, एवढाच फरक."

मुलगी झाली, ती बाईंच्याच हातावर. खणखणीत रडली. मी घरी बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर पडले होते, खाली शेगडी, खिडकी एकही नाही. पंधराव्या दिवशी ओट्यावर पुरुषमाणसं जमली. कुणीतरी अर्ज वाचून दाखवत होतं. ही बाई आमच्या बायकांना नवऱ्यापासून लांब राहायला शिकवते, तिला इथून हलवा, असा मजकूर. मामंजींनी अंगठा दिला. मग यांचा आवाज आला, "कुठं करू सही?"

आत्याबाई माझ्याजवळ बसून पोरीला तेल चोळत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही सांगा ना त्यांना. पुण्याला नेलं ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "काय सांगू? कशापायी गेलते, त्ये सांगू?"

बाईंची बदली कुठे लांब झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्या येऊन गेल्या. अर्जाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुणी कुणी सह्या केल्या ते त्यांना माहीत असणार; यांनी तर त्यांच्या समोर यायचंच टाळलं. मला म्हणाल्या, "दुसऱ्याची घाई नको. तीन वर्षं जाऊ देत." आत्याबाईंना म्हणाल्या, "सहा महिन्यांनी कडी बदलून घ्या. मी नसले तरी जा." आत्याबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी यांना विचारलं, "तुम्ही का सही केलीत?"

हे म्हणाले, "सगळ्यांनी केली."

 मी फक्त तीन वर्षांचं सांगितलं. यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि पाळलंही.

सहा महिने झाले तरी आत्याबाई पुण्याचं नाव काढेनात. शेवटी पोरीला कडेवर घेऊन मीच त्यांना घेऊन निघाले. गावाबाहेर माणसाला घेऊन जायची माझी ती पहिली वेळ. दवाखान्यात बाकावर आमच्यासारख्याच बायका बसल्या होत्या. तिथल्या नर्सने विचारलं, पहिल्यांदा कुणी आणलं होतं. आणि आत्याबाई बोलायला लागल्या. बाईंचं नाव, दवाखाना, सतरा वर्षांचं दुखणं, ओट्यावरचा तो अर्ज, लेकाची सही, सगळं त्या अनोळखी बायकांपुढे सांगत गेल्या. "लई चांगली बाई व्हती," म्हणाल्या, "आमी तिला घालवली." बायका ऐकत होत्या. एकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना गाव दिसायला लागलं तसा आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. घरी मामंजी ओट्यावरच बसले होते. त्यांनी विचारलं, काय झालं. आत्याबाई म्हणाल्या, "कायबी न्हाई," आणि आत गेल्या.