जिनातला बिबट्या आणि नरोत्तमभाऊ

मी सातवीला भूगोल शिकवत होतो. शिपाई दारापर्यंत आला, पण आत येईना. "नरोत्तमभाऊ गेले," एवढंच म्हणाला. काविळीमुळे ते धुळ्याला दवाखान्यात होते आणि भेटायला जायचं मी दोनदा पुढे ढकललं होतं... त्याचं कारण आज, पाच आठवड्यांनी, लिहितो आहे.

नरोत्तमभाऊ आमच्या शहाद्याच्या शाळेत चित्रकला शिकवत. म्हसावदच्या गुजर शेतकऱ्याघरचे. आफ्रिकेतल्या मावसभावानं दिलेला चावीचा सिनेकॅमेरा कायम त्यांच्या खांद्याला असे. रीळ धुवायला मुंबईला जाई आणि ते परत येईपर्यंत या माणसाला जेवण गोड लागत नसे.

सहा वर्षांपूर्वी, ऐन वेचणीत, सातपुड्यातला एक बिबट्या भर सकाळी गावात शिरला आणि कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या वखारीत कोंडला गेला. भाऊ दारालगत शिडी लावून झरोक्यातून चित्रण करत होते. आत तो भिंतीला अंग घासत फिरत होता. बाहेर निम्मं गाव काठ्या घेऊन उभं. मी दाराशी, शिडीच्या आड होतो. भाऊ कॅमेऱ्यासकट माझ्याकडे वळून ओरडले, "नदीकडची वाट मोकळी होऊ दे, तोवर कडी काढू नको!" तेवढ्यात कुणीतरी खिडकीतून पेटता बोळा आत फेकला. आता कापूस पेटणार, सगळं जिन जाणार, या भीतीनं मी कडी काढली.

समोर धुडकू हमाल होता. बिबट्यानं त्याचा खांदा फाडला. पुढच्या वीस पावलांत लोकांनी बिबट्याला ठेचलं. मग गलका झाला, "मास्तरनी सिनेमासाठे दार उघडं करं!"

मी बोलायला गेलो, तर भाऊंनी खाली उतरून माझा दंड धरला. "तुझी नोकरी कच्ची आहे. मला म्हसावदला शेत आहे. गप राहा."

मी गप राहिलो.

नंतर कितीतरी सकाळी ते कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून बिबट्याच्या वाटेनं गल्लीबोळांतून चालले. लोक म्हणत, मास्तर येडा व्हई गया. रीळ जोडून झाल्यावर त्यांनी त्याच वखारीत, दारं लावून, पांढऱ्या चादरीवर ते गावाला दाखवलं. पाय, काठ्या, धडाधड बंद होणारी दारं. आता कडी दिसणार, माझा हात दिसणार, म्हणून मी जागेवरून अर्धवट उठलो. दार आलं... आणि थेट नदीचं मोकळं पात्र दिसलं. माझा हात त्यांनी रिळातून कापून टाकला होता. अंधारात धुडकू उठला. आता हा मास्तरांवर धावणार, असं सगळ्यांनाच वाटलं. "मास्तर, बिबट्या मन्हापेक्षा जास्त घाबरेल व्हता," म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतर भाऊंसमोर जायचीच मला धास्ती वाटे. शाळेत भेट होई; घरी मी कधी गेलो नाही.

मागच्या रविवारी गेलो. त्यांच्या खोलीत धुडकू बसला होता. दर रविवारी यायचा, म्हणे. उभ्याउभ्याच मी त्याला सांगितलं, "धुडकू, कडी मी काढली होती."

"माले माहीत शे," तो म्हणाला. "मी समोरच व्हतू ना. मास्तर म्हने, तो सोताच सांगी एक दिन."

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना मी येणार हे माहीत नव्हतं, तरी ताटलीत तीन कप होते. "रविवारी एक कप जास्त ठेवायचा, ही ह्यांचीच सवय," त्या म्हणाल्या. "कुणासाठी, ते कधी सांगितलं नाही."