दुप्पट सोडा

माझं माहेर दिघोरीकडलं, धानाचं. सासर मोहाडीकडं, दोन एसट्या बदलून यायचं, आणि घरात कोशाच्या रेशमाचे हातमाग. पाचवीतच शाळा सुटलेली मुलगी बापाकडून काहीही न घेता करून घेतली, हे उपकार मी विसरले नाही. परत पाठवतील ही धास्तीही गेली नाही.

कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, उकळायला सासूबाईंनी शिकवलं. पाण्यात धुण्याचा सोडा टाकून उकळलं की कोशाचा डिंक सुटतो, मग तार निघते. पाणी किती बुळबुळीत झालं ते बोटांत चोळून बघायचं. थंडीत वेळ जास्त, झाकण ठेवलं की कमी. तीन वर्षांत या घरात तेवढी एकच गोष्ट माझी झाली होती.

नणंद दहावीत. माझ्याहून लहान, दोन वेण्यांची, पण तिला 'बाई' म्हणायचं मी. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एका संध्याकाळी ती ओट्यावर मोठ्यानं पाठ करत होती, "तापमान वाढवल्यास अभिक्रियेचा वेग वाढतो. द्रावणाची तीव्रता वाढवल्यास वेग वाढतो."

सासऱ्यांनी माग थांबवला. "वा! पोरगी मास्तरीन होते पाय."

मी चुलीपाशीच होते. हे सगळं माझ्या बोटांना ठाऊक होतं. माझ्यासाठी कुणी माग थांबवला नव्हता.

पुढच्या रविवारी सासूबाई बाजाराला गेल्या. मागावरची साडी तारेवाचून अडली होती आणि कोसे काही नरम होईनात. नणंद म्हणाली, "वैनी, सोडा दुप्पट टाकू ना. लवकर होते."

लवकर होतं, खरंच. पण आधी डिंक सुटतो आणि मग तारही कुजते, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, "तुमाले जास्त समजते बाई. टाका."

दुपारी तार ओढली तर हातात नुसते तुकडे.

"कोनं टाकला एवढा सोडा?" सासरे ओरडले.

"मी," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"हेच शिकून राहिली काय? उद्यापासून शाळा बंद. बस चुलीजवळ!"

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी तिनं पाण्यात बोटं चोळली आणि म्हणाली, "वैनी, आज पानी पातळ हाय, डिंक नाई सुटला." बरोबर होतं, आणि मला कळायच्या आधी! सासूबाई म्हणाल्या, "हात चांगला हाय पोरीचा." तीन वर्षांत मला कधी असं म्हटलं नव्हतं. ही इथेच बसली तर कोसे उकळायचं भांडंही तिचंच होणार.

त्याच दुपारी मी सासूबाईंना गाठलं. "आत्याबाई, दुप्पट सोड्यानं तार जाते, मले ठाऊक होतं. मी बोलली नाई."

त्या हातातला कोसा दाबत राहिल्या. मला माहेरची एसटी दिसायला लागली.

"काहून नाई बोलली?"

"त्या शाळेत जातेत म्हणून."

"हं." त्यांनी मुलीला हाक मारली. "ऊठ वो, दप्तर काढ. बापाले मी पायते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन तू पानी पाय. उतू जाऊन राहिलं."

मला परत पाठवलं नाही. आजवर नाही.

नणंद पुढे शाळेत शिक्षिका झाली. चारचौघांत सांगते, "वैनीनं माझी शाळा वाचवली." मी कोसे निवडत राहते. माहेरी आली की चुलीपाशी येते, पाण्यात बोट घालून बघायला. तिचं बोट पोचायच्या आत मी झाकण ठेवते.