पाचव्या शीलाला गप्प बसलेला सुगत

माझा धाकटा भाऊ सुगत पुण्यातल्या एका छोट्या बियर कारखान्यात आहे. वेगवेगळ्या टाक्यांतली स्ट्राँग बियर चाखायची आणि कुठली जास्त कडू, कुठल्या बियरला जळक्या गुळाचा वास, हे ताडून सांगायचं, हीच त्याची नोकरी. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्या पहिल्या पुण्यानुमोदनाला तो गावी, तुडीलला आला. विहारात बाबा पंचशील सांगायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. त्या दिवशी ते सुगतने सांगावं, एवढंच आईचं मागणं होतं.

"मला नाय जमायचं. पाचवं शील दारू न पिण्याचं हाय."

"मग थुंकून टाकत जा ना रे!" मी वैतागले.

"ताई गो, बियरचा कडूपणा गिळल्यावरच कळतो."

"म्हण तोंडदेखलं, कोण विचारतंय?" कोंडाजीकाका म्हणाले.

"चौथं शील खोटं न बोलण्याचं, काका. ते म्हणून लगेच खोटं बोलू?"

शेवटी काकांनीच पंचशील सांगितलं. पाचव्याला सुगतने हात जोडलेले ठेवले, ओठ मिटले.

घरी आई म्हणाली, "नोकरी तरी दुसरी बघ रे."

"आई, मला दुसरं कायच नीट येत नाय," तो चिडून म्हणाला.