अस्थी घेऊन आलेला यजमान

लपायला मी काशी निवडली आणि त्यातही दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी गुरुजींच्या घरातली वरची खोली. कारण हास्यास्पद आहे: मराठी कानावर पडल्याशिवाय आणि वरणभाताशिवाय मला करमत नाही. वाळूचोरांवर लेख लिहिले म्हणून गावाकडे चौघांनी भर बाजारात माझा उजवा हात सळईने ठेचला होता. सळई धरणारा शांतपणे म्हणाला होता, "परत कुठं दिसलास तर मुंडकं उडवीन." तेव्हापासून माझा पत्ता फक्त बायकोला ठाऊक होता.

पण आपल्याकडचा माणूस बापाच्या अस्थी घेऊन काशीलाच येतो आणि मराठी गुरुजींच्याच घरी उतरतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. स्वतःला शहाणा समजणाऱ्या लेखकाची अक्कल ही एवढी.

गेल्या महिन्यात एका सकाळी गुरुजींच्या बायकोने, काकूंनी, जिन्यातून हाक मारली. "अहो, जरा खाली या. यजमानांना पाणी द्या, माझे हात पिठाचे आहेत."

चौकात दोन भाऊ बसले होते. मुंडण केलेले, ओल्या धोतरात, समोर पिंड मांडलेले. थोरल्याने मान वर केली. सळईवाला तोच होता.

माझी दाढी छातीपर्यंत आलेली, अंगावर मांस उरलेलं नाही. त्याने पाण्यासाठी हात पुढे केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाप गेला हो माझा."

माझी आई गेली तेव्हा याच्या भीतीने मी तिचं तोंडही पाहू शकलो नव्हतो. डाव्या हातातला भरला तांब्या मी त्याच्या टकलावर हाणला. कातडी फाटली, रक्त पिंडांवर सांडलं. तो आडवा झाला तरी मी हाणत राहिलो.

"माझ्या आईला अग्नी देऊ दिलास का रे तू मला?" मी ओरडत होतो. "बोल, दिलास?"

गुरुजींनी मला मागून ओढलं.

"दिमाग खराब झालाय तुमचा!" काकू किंचाळल्या. "सुतकातल्या माणसाला मारता? आजच्या आज कमरा खाली करा!"

तो डोळ्यांतलं रक्त पुसत माझ्याकडे बघत राहिला. आधी गोंधळून, मग निरखून.

"आरं, तू हितं हाईस व्हय!"

तोवर त्याने मला ओळखलंच नव्हतं. डोक्यावर उपरणं दाबून त्याने धाकट्याकडे मोबाईल मागितला.