कासारणीचे रिकामे हात

"हात ढिला सोड, बाई. हात मागून राह्यली मी, जीव नाई." असं म्हणत ती समोरचीचा अंगठा तळव्यात दुमडायची आणि कळायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असायची. अहेरीच्या आठवडी बाजारात तुम्ही कधी बांगड्या भरल्या असतील, तर बहुतेक तिच्याकडेच. कुणी घाई केली की म्हणायची, "जल्दी हाये त तिकडे जा." कुणी जात नसे.

मी तिथल्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स. माझे हात जाडजूड. "सिस्टरबाई, तुमच्या हाताले बांगडी नाई, कडी लागते दाराची," असं ती भर बाजारात म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी मलाच बसवून घ्यायची.

एका पावसाळ्यात तिच्या बांगड्यांखाली नायटा उठला. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गेली. ट्यूब संपली की खाज परत आणि ही परत त्याच्या दारात. "रोज लाव मावशी, काही होत नाही." डॉक्टरची चिठ्ठी त्यानं एकदाही मागितली नाही. असे कितीतरी पावसाळे गेले.

"पाहा, कशी गोरी, नरम झाली कातडी! बांगडी आपोआप सरकते," तिनं मला कौतुकानं हात दाखवला. मी तिथंच ओरडले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. डॉक्टरच्या सांगण्यावरून थोडे दिवस लावलं तर गुणाचं. वर्षानुवर्षं चोळलं तर कातडीच्या आतली धाग्यांची वीणच विरते. त्या विणीवर तर कातडी ताण धरते.

"तुमी दवाखान्यावाले मानसाले भेवच दाखवता," ती हसली. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू?

मग एकदा तिच्याच हातातली बांगडी फुटली. एरवी नुसता ओरखडा आला असता, तिथं कातडीचा पापुद्रा उचलला गेला. डॉक्टरांनी टाका घातला, तो कातडी फाडून सुटून आला. दोन्ही हातांवर जांभळे डाग. डॉक्टर म्हणाले, "आता मनगटावर काहीही नको. बांगड्या काढा."

तिनं हात छातीशी धरले. "माहा नवरा जिता हाये! भाईर बसून राह्यला, जाऊन पाहा!"

तिचा आवाज ऐकून तो आत आला. "काढू दे ना वं. मी कुठी चाललो?"

ती रडत होती आणि मी एकेक बांगडी उतरवत होते. त्या वेळी तो मेडिकलवाला समोर असता, तर मी काय केलं असतं कोण जाणे.

जखमा हळूहळू भरल्या. पण कातडी तशीच नाजूक राहिली, मनगटं उघडीच. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. बाजारातल्या बायकांना मात्र हातच दिसले. कासारणीचाच हात रिकामा, मग आपल्या लेकीचा चुडा हिच्याकडून कसा भरायचा? ती नवऱ्याला शेजारी आणून बसवू लागली. "उगा बसू नको, बोलत जा जोरानं. लोकायले समजू दे, तू हायेस." तो बिचारा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं रामराम घालायचा. बायका त्याला बघायच्या, हसायच्या आणि पुढच्या दुकानात जायच्या.

मी मेडिकलवर जाऊन भांडले. "ताई, लोक नाव घेऊन मागतात, मी काय करू?" असं म्हणत त्यानं माझ्यादेखत तीच ट्यूब दुसऱ्या बाईच्या हातात ठेवली.

पुढे ती बाजारात येईनाशी झाली. आता तिच्या जागेवर तिचा नवरा एकटा बसतो. परवा एका नवरीचा हिरवा चुडा त्यानं धांदरटपणे भरला. तीन बांगड्या फोडल्या. पोरीची आई कौतुकानं बघत होती. त्याच्या दोन्ही हातांत काहीच नव्हतं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.